चुन्याचा क्रूस आणि तोमासाचं स्वयंपाकघर

तोमासाबाई, आमच्या बोलीत दोन्या तोमासा, मेलेल्या माणसांनाही दटावते. आमच्या बोळात कुणी गेलं की नऊ संध्याकाळच्या प्रार्थना तीच सांगते. शवपेटी घराबाहेर निघाली की घरात पेटी जिथं ठेवली होती त्याच जागी ती गुडघे टेकते, मुठीतून चुना सोडत जमिनीवर क्रूस काढते आणि काढता काढता पुटपुटते, "सरळ झोप रे बाबा, जिवंतपणी एक दिवस सरळ चालला नाहीस." रडणारी माणसं मध्येच फसकन हसतात आणि मग दुप्पट रडतात. नऊ दिवस तो चुना तसाच राहायला हवा. नवव्या दिवशी ती तो हलक्या हातानं झाडून गोळा करते, घरचे तो थडग्यावर नेऊन ठेवतात, आणि तेव्हा कुठं गेलेलं माणूस घर सोडतं. हे मी कुणाला पटवून देत बसणार नाही. आमच्याकडे असं आहे.

मी एलोदिया. बोळाच्या तोंडाशी माझं वह्या-पेन्सिलींचं दुकान आहे. जीभ माझीही काही मवाळ नाही, सगळा बोळ सांगेल, पण तोमासापुढे मी म्हणजे बालवाडीतली पोर. बुटकी बाई, इस्त्री करकरून मनगटं जाड झालेली, गुडघे कायम काळे. प्रार्थनेचे तिनं कधी कुणाकडून काही घेतलं नाही. दालचिनी घातलेली कॉफी आणि गोड पाव, एवढ्यावर तिनं आमची अर्धी माणसं वर पोचवली. आणि तरी तिच्याबद्दल सांगायचं तर मला गटाराबद्दलच सांगावं लागणार, त्याला माझा इलाज नाही.

आमचा बोळ डोंगराच्या पायथ्याशी सुरू होतो आणि आत जाऊन बंद होतो. तोंडाशी खडक आहे, आत जुन्या तळ्याचा चिखल. शहर त्या चिखलाखालचं पाणी उपसून पितं, चिखल खाली बसतो आणि त्याच्यावरची घरंही बसतात. आमच्या या इस्तापालापा वस्तीत राहणाऱ्याला याचं नवल वाटत नाही. भिंतीला तडा गेला तर आम्ही त्यावर कॅलेंडर टांगतो. जमिनीखालच्या पाइपाला तडा गेला तर काय टांगायचं?

ते पाइप आमच्याच हातचे. मी नवी सून होते तेव्हा इथं गटार नव्हतं, म्हणून रविवार आला की सगळा बोळ श्रमदानाला उतरायचा. पुरुष खणायचे, आम्ही बायका घमेली वाहायचो. आऊसेन्सिओ मिस्त्रीनं पाण्याची नळी धरून ढाळ काढला: आतून तोंडाकडे, आणि तोंडाशी मोठ्या रस्त्याच्या गटारात. सिमेंटचे पाइप, सांध्यांना सिमेंट. पहिल्यांदा पाणी खळखळत गेलं तेव्हा तिथंच रस्त्यात टेबलं मांडून आम्ही मोले, म्हणजे मिरच्यांचा दाट रस्सा, आणि भात जेवलो होतो.

मग वर्षं गेली. माझं दुकान खडकावर, ते जागचं हललं नाही. आतली घरं मात्र खाली खाली गेली, आणि त्यांच्यासोबत पाइपही. सांधे उघडले, माती आत शिरली, पाणी वाटेतच साचायला लागलं. आम्हाला वाटायचं, कुणीतरी काहीतरी टाकलंय. हा तिला म्हणायचा तू केस टाकतेस, ती त्याला म्हणायची तू तेल ओततोस. पालिकेच्या ऑफिसची गाडी यायची, चिखल ओढून न्यायची, आठवडाभर बरं वाटायचं आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या.

मग जो तो आपापलं पाहायला लागला. कुणी पाडलेल्या घराचा राडारोडा फुकट मिळवायचा, तो घरात पसरायचा आणि वर नवी फरशी ओतायची. जमीन वर आली, घर कोरडं. पण राडारोड्याला वजन असतं हो. त्या वजनानं घर आणखी खचायचं, की पुन्हा भर. दार मात्र जिथल्या तिथं. आतल्या बाजूच्या फर्मिनच्या घरी जेवायला गेलं की मला मान वाकवून आत शिरावं लागतं, आणि मी तोमासापेक्षा थोडीच उंच आहे. भर घालून भागलं नाही की मग बूच. आभाळ भरून आलं की मोरीत बूच ठोकायचं, म्हणजे बाहेरचा मैला आपल्या घरात येत नाही. तो जायचा कुठं? ज्याचं बूच ढिलं त्याच्याकडे. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असला सगळा कारभार.

तो जायचा सेल्सोकडे.

सेल्सो आधी बस चालवायचा. त्याचं घर बोळाच्या टोकाला, तोमासाच्या समोर. त्याच्या खोलीच्या बरोबर खालून पाइप जात होता, त्यामुळे त्याच्याकडे मैला मोरीतून यायचाच नाही, फरशीच्या फटींतून यायचा. तिथं कसलं बूच मारणार? भर घालून घालून त्याचं छत डोक्याला लागायला आलं होतं. त्याची बायको नातालिया वारली ती पावसाळ्यात. तोमासानं क्रूस काढला, प्रार्थना सुरू झाल्या आणि मधल्याच एका संध्याकाळी, भर प्रार्थनेत, फरशीतून काळं पाणी वर आलं. मी तिथं होते. तोमासा टॉवेल घेऊन क्रूसाभोवती बांध घालत होती, आम्ही सगळ्या जणी आपले झगे वर धरून उभ्या. टॉवेल काय पुरतोय! चुना पांढरा पांढरा विरघळला आणि खाटेखालून मोरीकडे निघून गेला. सेल्सो खुर्चीवर बसून बघत होता.

त्यानंतर तो म्हणायचा की नातालिया घरातच आहे, तिला जायला वाट मिळाली नाही. मुलगी हर्लिंदा समजावून थकली. आणि दोन पावसाळ्यांनंतर तो स्वतः अंथरुणाला खिळला. हृदयाचं दुखणं होतं. डॉक्टरनं हर्लिंदाला बाजूला घेऊन सांगितलं की आता त्याला हवं ते खाऊ घाल.

मी त्याला बघायला गेले तेव्हा तोमासा उशाशी बसून त्याला मक्याची पेज भरवत होती.

"तोमासा, माझाही क्रूस वाहून जाईल का गं?" सेल्सोनं विचारलं.

"जातो कसा? मी काढणार आहे तो."

"नातालियाचाही तूच काढला होतास."

तोमासानं चमचा वाटीत ठेवला, एप्रनला हात पुसला आणि उठली. "तुझा राहील," ती म्हणाली. "मी सांगते ना, राहील. पेज संपव."

घरी गेली ती पहार घेऊनच अंगणात आली. तिच्या अंगणातली मोरी तिनं मागंच सिमेंटनं कायमची बुजवून टाकली होती. ते सिमेंट ती फोडायला लागली. आवाज ऐकून मी धावले.

"अगं बाई, डोकं फिरलं का तुझं? पाऊस तोंडावर आलाय!"

"माझं अंगण त्याच्या फरशीपेक्षा खाली आहे," ती पहार हाणत म्हणाली. "पाण्याला इथं वाट मिळाली तर ते तिथं चढणार नाही."

"आणि तू? तू त्या घाणीत राहणार?"

"मी धडधाकट आहे. मला बूट आहेत."

झालंही तसंच. पुढचा पाऊस आला तेव्हा सगळ्या बोळाचा मैला तोमासाच्या अंगणात भरला. सेल्सोची फरशी कोरडी राहिली. ही बाई गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून इस्त्रीचे कपडे डोक्यावर धरून ये-जा करायची. वास तर असा की माझ्या दुकानापर्यंत. लोक खिडक्या लावून घ्यायचे. मला इतका राग आला होता की काय सांगू. तिचा नाही, आमचा. म्हातारीनं आपल्या दारात नरक आणून ठेवला आणि आम्ही नाकाला रुमाल लावतोय. मी दारोदार फिरले आणि तोंडाला येईल ते बोलले. त्याचा उपयोग काडीचा झाला नाही, पण मला बरं वाटलं.

उपयोग झाला तो तोमासानं आऊसेन्सिओ मिस्त्रीला बोलावलं त्याचा. तो आता थकलाय, काठी घेऊन चालतो, पण ताठा तसाच.

"माझा ढाळ चुकलेला नाही," त्यानं आल्या आल्या सांगून टाकलं. "तुम्ही लोकच काहीबाही टाकता."

"चुकला असं कोण म्हणतंय? पुन्हा बघ, एवढंच," तोमासा म्हणाली.

पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी आणली. एक टोक आत तोमासाच्या दाराशी मी धरलं, दुसरं तोंडाशी हर्लिंदानं. मिस्त्री चेंबरची झाकणं उघडून आत पट्टी सोडून मोजत फिरला. पुन्हा मोजलं. मग माझ्या दुकानाच्या पायरीवर बसला आणि पाणी मागितलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"ढाळ उलटा झालाय. तोंडाकडचा पाइप वर राहिला, आतला खाली गेला. पाणी चढ चढेल का?" पाण्याचा पेला खाली ठेवून तो म्हणाला, "मी चुकलो नव्हतो, एलोदिया. जमीन चुकली."

म्हणजे केस नव्हते, तेल नव्हतं. इतकी वर्षं आम्ही एकमेकांच्या नावानं खडे फोडले, आणि पाणी बिचारं उतार शोधत होतं.

आता उतार होता तो एकच. तोमासाच्या घरामागं दुसरा रस्ता आहे, तिथलं नवं गटार खोल आहे. बोळाचं पाणी मागं न्यायचं तर तिच्या घराखालून. मिस्त्रीनं काठीनं दाखवलं: अंगण, मग स्वयंपाकघर, मग मागची भिंत. आणि काठी स्वयंपाकघरावर तशीच टेकवून तो घुटमळला, कारण ते स्वयंपाकघर त्यानंच बांधलं होतं. तोमासाचा मुलगा कामासाठी सीमेपलीकडे, उत्तरेकडे गेला तो तिकडचाच झाला, त्यानंतर तिनं रात्रंदिवस इस्त्री करून ते उभं केलं. निळ्या टाइलांचा ओटा, रस्त्याकडची खिडकी, तिचा जीव होता त्यात. मला तिथं ओल्या हातानं टाइलला हात लावायची बंदी होती.

"भिंती वाचवता येतील?" मी विचारलं.

"नाही. आणि पाइपावर पुन्हा बांधताही येणार नाही, वजन पडलं की पुन्हा तेच," मिस्त्री म्हणाला.

तोमासा ओट्याजवळ उभी होती. तिनं कडेची पोळपाटाएवढी जागा एप्रननं पुसली, पुन्हा पुसली, आणि म्हणाली, "फोडा. पण आधी मला डबे काढू द्या."

हर्लिंदानं ऑफिसात खेटे घालून मागच्या गटाराला जोडायची परवानगी आणली. पाइपही ऑफिसानं दिले, प्लास्टिकचे, रबरी सांध्यांचे, जमीन हलली तर थोडे वाकणारे. खणणं आमचं. आणि इथंच घोडं अडलं. पहिल्या रविवारी श्रमदानाला आम्ही बायका आणि काठीवाला मिस्त्री. ज्यांची घरं भर घालून उंच झाली होती ते आलेच नाहीत. फर्मिननं तर गच्चीवरून हात केला.

"दोन्या तोमासा, माझ्याकडे पाणी येतच नाही! मी कशाला पाठ मोडून घेऊ?"

तोमासा बोळाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही, पण प्रार्थना सांगून सांगून तिचा आवाज असा कमावलेला की बंद खिडकीतून आत जातो.

"फर्मिन, पोरा, नको येऊस. बळजबरी नाही. मी फक्त सांगून ठेवते. जो खणायला येईल त्याच्या नऊ संध्याकाळी माझ्या. जो येणार नाही त्यानं मरताना आपली प्रार्थना आपणच म्हणून घ्यावी. पाठ नसेल तर एलोदियाच्या दुकानात पुस्तक मिळतं."

मग फर्मिनच्या घरातून त्याच्या बायकोचा, आम्पारोचा, आवाज आला, "ऐकलंस ना? खाली उतर. मी तुला प्रार्थनेशिवाय पुरणार नाही."

तो आला, फावडं खांद्यावर टाकून, तोंड पाडून. त्याच्या मागं बाकीचे. तसली पुस्तकं मी दुकानात कधी मागवलीच नव्हती, हे मी कुणाला सांगितलं नाही.

त्या रविवारपासून काम जोरात सुरू झालं. जुने पाइप वर काढले तेव्हा लोकांना खरं दिसलं. एकेक सांधा असा सुटलेला की त्यातून मूठ आत जावी, आणि आत दगडासारखा घट्ट गाळ. फर्मिन पाइपाचा एक तुकडा हातात फिरवत म्हणाला, "माझ्या बापानं हाच पुरला असेल." तोमासाचं स्वयंपाकघर पाडलं त्या दिवशी ती तिथं थांबली नाही. सेल्सोच्या खोलीत बसून त्याचे शर्ट इस्त्री करत होती. भिंत पडल्याचा आवाज आला तेव्हा सेल्सोनं तिचा हात धरला, असं हर्लिंदा सांगते. तिनं तो सोडवून घेतला आणि म्हणाली, "कॉलर जळेल."

काम पुरं व्हायच्या आत सेल्सो गेला. सकाळी झोपेतच. चर जवळजवळ भरत आला होता, पाइप स्वयंपाकघराच्या जागेवरून मागच्या भिंतीपर्यंत पोचला होता, मागच्या गटाराच्या चेंबरची भिंत फोडून त्याला जोडणं तेवढं उरलं होतं. आणि खणताना तोमासाच्या अंगणातली मोरी मातीनं बुजून गेलेली. म्हणजे पाणी आलं तर त्याला जायला पुन्हा एकच जागा होती, ती सेल्सोची फरशी.

तोमासानं क्रूस काढला. सेल्सोला ती काय पुटपुटली ते मला ऐकू आलं नाही.

पाचव्या की सहाव्या दिवशी, दुपारी, आभाळ फाटलं. असा पाऊस की समोरचं दार दिसेना. आम्ही बायका सेल्सोच्या खोलीत धावलो आणि क्रूसाभोवती उभ्या राहिलो, जणू आमच्या उभं राहण्यानं काही होणार होतं. फरशीच्या फटीत ओल काळी दिसायला लागली. हर्लिंदा म्हणाली, "तसंच होणार. आईसारखंच होणार," आणि भिंतीकडे तोंड केलं.

तोमासा दारातून ओरडली, "फर्मिन!"

तो आधीच निघाला होता. पहार घेऊन, अंगात गंजीफ्रॉक, मागच्या खड्ड्यात उतरला. त्याच्यासोबत आणखी तिघं-चौघं. मिस्त्री वर उभा राहून काठी आपटत सांगत होता, "खाली मार, आणखी खाली, सांध्यावर नको!" छातीपर्यंत घाण पाणी. फर्मिन डोळे मिटून, तोंड घट्ट बंद करून पहार हाणत होता. त्याच्या स्वतःच्या घरात त्या वेळी थेंबभर पाणी नव्हतं. चेंबरची भिंत फुटली तेव्हा आम्हाला कळलं ते आवाजानं. जमिनीखालून मोठ्ठा घोट घेतल्यासारखा आवाज आला, सगळ्या बोळाच्या खालून, आणि फटीतली ओल जिथं होती तिथंच थांबली. तोमासा खाली वाकली. तिनं क्रूसाच्या पायथ्याशी बोट लावलं आणि बोट वर करून आम्हाला दाखवलं. पांढरं आणि कोरडं.

हर्लिंदा तेव्हा पहिल्यांदा मोकळेपणानं रडली.

नवव्या संध्याकाळी सगळा बोळ आला. खोलीत मावेना म्हणून खुर्च्या बाहेरपर्यंत. तोमासाच्या घरी आता चूल नव्हती, म्हणून कॉफी आम्पारोनं केली, आणि तोमासानं ती पिऊन सांगितलं की दालचिनी कमी आहे. प्रार्थना झाल्या. तोमासानं गुडघे टेकून क्रूस उचलला, आधी डोकं, मग हात, मग पाय, एकेक भाग हलक्या हातानं झाडून डब्यात. चुन्याचा कणही ओला झालेला नव्हता. हर्लिंदानं डबा छातीशी धरला. लोक उठले, एकमेकांना मिठ्या मारायला लागले. फर्मिन आपल्या घरून आणलेल्या खुर्च्या मिटून एकीवर एक ठेवायला लागला.

तोमासा मात्र खालीच बसून होती.

"हर्लिंदा, चुन्याची पिशवी आण," ती म्हणाली.

"आता कशाला?"

"आण म्हटलं ना."

हर्लिंदानं आणली. तोमासानं मूठ भरली आणि त्याच कोरड्या फरशीवर, जरा डाव्या अंगाला, दुसरा क्रूस काढायला घेतला. पहिल्यापेक्षा बारीक. ती घाई न करता शेवटच्या टोकापर्यंत पोचली, हात झटकले आणि मान वर केली.

"उद्यापासून नातालियाचे नऊ दिवस," ती म्हणाली. "तिचे राहिलेत."

हर्लिंदा तिच्या शेजारी गुडघे टेकून बसली. फर्मिन मिटलेल्या खुर्च्या काखेत घेऊन दारात वाकला होता, तो तसाच मागं फिरला आणि एकेक खुर्ची पुन्हा उघडून ठेवायला लागला.